दशमांश, सोनेतारण आणि मलाखी

एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे, ते थोडक्यात असं: ताई नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतात. खासगी दवाखान्यात नर्स आहेत, पगार 16,000 रुपये. मिस्टरांचा छोटा टेम्पो आहे. डिझेल आणि गाडीचा हप्ता वगळता बऱ्या महिन्यात दहा-बारा हजार हाती लागतात. दोन वर्षांपासून हे ख्रिस्ती घर आपल्या जुन्या मंडळीबरोबर, म्हणजे चर्चबरोबर, एका नव्या संगतीतही, म्हणजे प्रार्थनागटातही जातं. तिथले पाळक (पास्टर) पवित्र शास्त्रातल्या मलाखी संदेष्ट्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय वारंवार घेतात: दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा, न देणारा देवाला लुटतो आणि त्याच्या घरावर शाप येतो. गेल्या पावसाळ्यात टेम्पोचं इंजिन बसलं आणि त्याच महिन्यात मुलाला डेंग्यू झाला. "तुमच्या दशमांशात खोट असेल," असं सांगण्यात आलं. मग मिस्टरांनी ताईंना न विचारता त्यांच्या पाटल्या सोनेतारण ठेवून 60,000 रुपये 'बीज अर्पण' म्हणून, म्हणजे पेरलं की कैक पटींनी परत येईल या आशेने, दिले. आता व्याज भरता भरता गावाकडच्या विधवा सासूबाईंच्या शुगरच्या औषधाला दर महिन्याला उशीर होतो. ताई विचारतात: आमच्यावर खरंच शाप आहे का? दशमांश जुन्या करारातला आहे, ख्रिस्ती माणसाला तो लागू नाही, असं म्हणून मी मोकळी होऊ का? आणि ही संगती सोडू का?

ताई, सलाम.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देते, त्यासाठी तुम्हाला ताटकळत ठेवणं बरं नाही. नाही. इंजिन बसलं आणि पोराला डेंग्यू झाला म्हणून तुमच्या घरावर शाप आहे, असं मलाखीच्या पुस्तकातून निघत नाही. तुम्ही नर्स आहात. त्या पावसाळ्यात तुमच्या वॉर्डात नियमाने दशमांश देणाऱ्या घरांतली किती पोरं सलाईनवर होती, हे खरं तर तुम्हीच मला सांगायला हवं. येशूला वाटेत एक जन्मांध माणूस दिसला तेव्हा शिष्यांनी विचारलं होतं, पाप कोणाचं, याचं की आईबापाचं? दोघांचंही नाही, असं उत्तर आलं. शिलोहाचा बुरूज पडून 18 माणसं मेली, तेव्हाही ती यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होती का, असा सवाल त्यानेच केला आणि त्यानेच नाही म्हटलं. कोणाच्या घरी दुखणं आलं की त्या घराचा हिशेब तपासायला बसायची सवय त्याने आपल्या माणसांना लावलेली नाही.

आता मलाखीकडे. माझी विनंती एवढीच की तिसऱ्या अध्यायाच्या आठव्या वचनापासून सुरुवात करू नका. अख्खं पुस्तक चार अध्यायांचं, 55 वचनांचं आहे. चहा निवायच्या आत वाचून होतं. एकदा सलग वाचा, आणि जमलं तर मिस्टरांबरोबर.

बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्या यहूदी लोकांनी पडलेलं मंदिर इसवी सनपूर्व 515 च्या सुमारास पुन्हा उभं केलं. त्यानंतर दोन-तीन पिढ्यांनी, पाचव्या शतकाच्या मध्याच्या आसपास, मलाखी बोलतो आहे असं बहुतेक अभ्यासक मानतात. राज्य पारसिकांचं, म्हणजे पर्शियाच्या राजांचं. यहूदा हा त्यांच्या साम्राज्याचा एक लहानसा, गरीब कोपरा. मंदिर बांधा म्हणजे वैभव येईल असं लोकांनी ऐकलं होतं. मंदिर झालं, वैभव काही आलं नाही. माणसं थकलेली आणि थोडी कडवट झालेली. म्हणून या पुस्तकाची घडणही वादावादीची आहे. परमेश्वर म्हणतो, मी तुमच्यावर प्रीती केली. लोक विचारतात, कशात दिसली ती? तो म्हणतो, तुम्ही माझा अपमान केला. ते म्हणतात, कधी केला बुवा?

आणि पहिला सगळ्यात मोठा झाडा कोणाचा आहे? याजकांचा, म्हणजे मंदिरात अर्पणं वाहणाऱ्यांचा. पहिल्या अध्यायाच्या सहाव्या वचनापासून दुसऱ्याच्या नवव्यापर्यंत संदेष्टा वेदीपाशी उभ्या असलेल्या माणसांना सोलून काढतो. तुम्ही आंधळं, लंगडं, आजारी जनावर अर्पणाला चालवून घेता. तेच जनावर तुमच्या प्रांताच्या अधिकाऱ्याला नेऊन द्या बरं, तो खूश होतो का बघू. कोणीतरी मंदिराची दारंच लावून टाकली तर बरं होईल, इथपर्यंत तो येतो. पुढे तर सणाच्या बळींचं शेण याजकांच्या तोंडाला फासण्याची भाषा आहे. हे वचन मी कोणत्याही वर्धापनदिनाच्या संदेशात ऐकलेलं नाही. तेव्हा जे पाळक मलाखीचं पुस्तक उघडून थेट दशमांशावर बोट ठेवतात, ते त्यांच्याच खुर्चीला उद्देशून असलेली पानं उलटून पुढे गेलेले असतात.

आता आठव्या वचनाच्या जरा अलीकडे, पाचव्यावर या. परमेश्वर न्यायाला येईन म्हणतो तेव्हा कोणाविरुद्ध साक्ष देणार ते तिथे सांगितलं आहे. चेटूक करणारे, व्यभिचारी, खोटी शपथ वाहणारे, आणि त्याच दमात मजुराची मजुरी बुडवणारे, विधवेला आणि अनाथाला छळणारे, परक्याचा हक्क डावलणारे. आठवं वचन तुम्हाला तोंडपाठ आहे. हे पाचवं किती वेळा ऐकलंत? तुमच्या सासूबाई त्या वचनात आहेत, ताई.

दशमांश भांडारात आणा, म्हणजे माझ्या मंदिरात अन्न असेल, असं दहावं वचन सांगतं. अन्न कोणासाठी? मंदिराची सेवा करणाऱ्या लेव्यांना, म्हणजे लेवीच्या वंशातल्या लोकांना, जमिनीचा वाटा नव्हता, त्यांचं पोट त्या दशमांशावर होतं. गणना पुस्तकाचा अठरावा अध्याय हे नीट सांगतो. अनुवाद पुस्तकाचा चौदावा आणखी पुढे जातो. देणाऱ्याने धान्याचा, द्राक्षारसाचा, तेलाचा दशमांश देवासमोर नेऊन घरच्यांसह आनंदाने खावा. वाट लांबची असेल तर माल विकून पैसे न्यावेत आणि तिथे पोचल्यावर मनाला येईल ते विकत घेऊन खावं-प्यावं. आणि दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश गावातच ठेवावा, लेवी, परके, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर खावं म्हणून. म्हणजे मोशेच्या नियमशास्त्रात विधवा दशमांश घेणाऱ्यांच्या रांगेत बसलेली आहे. तिचं औषध थांबवून अर्पणाचं पाकीट भरण्याला त्या शास्त्रात जागा सापडत नाही.

त्याच काळातली एक गोष्ट नहेम्याच्या तेराव्या अध्यायात आहे आणि ती मला मलाखीवरच्या कुठल्याही प्रवचनापेक्षा जास्त शिकवून जाते. नहेम्या हा पारसिक राजाने नेमलेला यहूदाचा अधिकारी. इसवी सनपूर्व 445 मध्ये तो यरुशलेमेत आला, बारा वर्षांनी राजाकडे गेला आणि काही काळाने परतला. बघतो तर काय, एल्याशीब याजकाने मंदिराच्या आवारातली एक मोठी खोली आपल्या सोयऱ्याला, तोबीयाला, राहायला देऊन टाकलेली. ही तीच खोली, जिथे पूर्वी धान्याचा, तेलाचा दशमांश ठेवत. नहेम्याने तोबीयाचं सामानसुमान उचलून बाहेर भिरकावलं, खोल्या शुद्ध करायला लावल्या आणि भांडार परत आत आणलं. मग कळलं की लेव्यांना त्यांचा वाटा मिळत नव्हता, म्हणून ते बिचारे मंदिर सोडून आपापल्या शेतावर पोट भरायला गेले होते. नहेम्याने आधी अधिकाऱ्यांना फैलावर घेतलं. त्यानंतर लोकांनी दशमांश आणला, आणि त्याच्या वाटपावर त्याने चार माणसं नेमली: एक याजक, एक शास्त्री, एक लेवी आणि त्यांच्या मदतीला चौथा. का, तर ती माणसं विश्वासू मानली जात.

लोक दशमांश आणेनासे झाले होते ते निव्वळ कंजूषपणाने, की भांडारात तोबीयाचा पलंग दिसत होता म्हणून? पवित्र शास्त्र हे उघड सांगत नाही. मला मात्र दुसऱ्याची शंका दाट येते. मंडळीच्या हिशेबाच्या वह्या मी बरीच वर्षं पाहिल्या आहेत. जिथे पेटी सगळ्यांसमोर उघडून दोघं-तिघं मोजतात आणि आकडा पुढच्या रविवारी फळ्यावर लिहिला जातो, तिथे लोकांना शापाची आठवण करून द्यावी लागत नाही.

शापाचं वचन नववं. ते साऱ्या राष्ट्राला उद्देशून आहे आणि अकराव्यात ज्याला आवरीन म्हटलं आहे तो पिकं खाणारा शत्रू, बहुधा टोळ. एका घराच्या वहीवर तो हिशेब लावता येत नाही, आणि मलाखीच्या लोकांनाही ते ठाऊक होतं. त्याच अध्यायात पुढे ते कुरकुरतात की देवाची सेवा करून काय मिळालं, गर्विष्ठ आणि दुष्टच तर पुढे जाताहेत. देव त्यांना 'तुमचा दशमांश कमी पडला' असं उत्तर देत नाही. त्याचं भय धरणाऱ्यांची नावं स्मरणाच्या पुस्तकात लिहिली गेली, आणि एक दिवस येतो आहे, एवढंच तो सांगतो. आज-उद्या टेम्पो सुरळीत चालेल असं आश्वासन त्यात नाही. ख्रिस्ती माणसाने तर याच्याही पुढे वाचायचं. ख्रिस्ताने नियमशास्त्राचा शाप आपल्यावर घेतला, असं प्रेषित पौल गलतीकरांच्या मंडळ्यांना लिहितो. ते मानून रविवारी तारण गायचं आणि सोमवारी शापाची भीती बाळगून पाटल्या गहाण ठेवायच्या, या दोन गोष्टी एका घरात नांदत नाहीत.

'बीज अर्पणा'बद्दल एकच मुद्दा सांगते, कारण तुमच्यासारखी पत्रं मला आणखी घरांतून येतात. दशमांश हा खळ्यावर आलेल्या धान्याचा, कळपात जन्मलेल्या जनावरांचा असे. हाती आलं त्याचा दहावा. जे अजून यायचं आहे त्याचा आगाऊ दशमांश कोणी देत नव्हतं आणि त्यासाठी कोणी सावकाराकडे जात नव्हतं. सोनेतारणाचे 60,000 हे तुमचं उत्पन्नच नव्हे, तो सावकाराचा पैसा आहे. नहेम्याच्या पाचव्या अध्यायात शेतं, द्राक्षमळे, घरं गहाण पडून पोरीबाळी गुलामगिरीत गेलेल्या माणसांची रड आहे. तिथे नहेम्या त्यांना अर्पण वाढवा म्हणत नाही. घेणेकऱ्यांना बोलावून गहाण परत करायला लावतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आणि इथे मी तुमच्याशी थोडी भांडणार आहे. 'जुन्या करारातला आहे, लागू नाही' म्हणून तुम्हाला मोकळं व्हायचं आहे. तुमच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे, हे खरं. मलाखीतली दशमांशाची वचनं नव्या करारात कोणीही उद्धृत केलेली नाहीत. सुवार्तिकांनी, म्हणजे येशूचं चरित्र लिहिणाऱ्यांनी, मलाखीतून घेतला तो वाट तयार करणारा दूत, जो त्यांना बाप्तिस्मा करणाऱ्या योहानात दिसला. आणि बापांची मनं लेकरांकडे वळवणारा एलीया संदेष्टा, ज्याची आठवण लूकच्या पहिल्याच अध्यायात येते. पौल यरुशलेमेतल्या गरिबांसाठी वर्गणी गोळा करतो तेव्हा दहाव्या हिश्शाचा शब्दही काढत नाही. ज्याने त्याने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, खेदाने किंवा भाग पडतं म्हणून नको, आणि माणसापाशी जे आहे त्या मानाने, जे नाही त्या मानाने नव्हे. दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती बिशप इरेनियस लिहितो की यहूदी दशमांश वेगळा काढत, ज्यांना मोकळीक मिळाली त्यांनी मात्र आपलं सगळंच प्रभूच्या कामासाठी मानलं. पश्चिमेकडच्या चर्चमध्ये दशमांशाची सक्ती 585 च्या माकोनच्या धर्मसभेसारख्या ठिकाणी आली, प्रेषितांच्या नंतर पाचशे वर्षांनी.

पण इरेनियसचं वाक्य परत वाचा. त्याने सूट दिली की मागणी वाढवली? आणि येशूने शास्त्र्यांना सुनावलं ते आठवा: पुदिना, शेप, जिरे यांचा दशमांश देता आणि न्याय, दया, विश्वास सोडता, हे करायचं होतं आणि तेही सोडायचं नव्हतं. स्वयंपाकघरातल्या जिऱ्याचे दाणे मोजणाऱ्यांना तो हसला, पण डबा फेकून द्या म्हणाला नाही. मलाखीचं लंगडं जनावर तुम्हालाही आणि मलाही लागू आहे. महिनाअखेर खिशात उरलेली सुरकुतलेली नोट पेटीत टाकून 'आपण कृपेखाली आहोत' म्हणणं सोपं आहे. ज्यांना दहावा हिस्सा ही शिस्त म्हणून बरी वाटते आणि परवडते, त्यांच्याशी माझा वाद नाही. खेड्यातल्या प्रामाणिक पाळकाचं घर मंडळीच्या देण्यावरच चालतं, आणि सुवार्ता सांगणाऱ्याची उपजीविका सुवार्तेवर व्हावी हेही पौलानेच लिहिलं आहे. हे पत्र वाचून कोणी अशा पाळकाचं पाकीट बंद केलं तर मला वाईट वाटेल.

तुमच्या पत्रातलं एक गृहीत मला खटकलं. सासूबाईंचं औषध तुम्ही 'घरखर्चात' लिहिलं आहे आणि पाकीट 'देवाच्या' रकान्यात. ही वाटणी कोणी केली? आईबापांना द्यायचं ते 'कुर्बान', देवाला वाहिलं, असं म्हणून हात वर करणाऱ्यांना येशूने मार्कच्या सातव्या अध्यायात कडक शब्दांत झापलं आहे. विधवा आईची जबाबदारी आधी घरच्यांनी घ्यावी, हे तीमथ्याच्या पहिल्या पत्रात स्पष्ट आहे. तेव्हा महिन्याच्या पहिल्या तारखेला आधी औषध. त्यात अर्पण चुकलं असं मनात आणू नका.

दुसरं गृहीत मिस्टरांविषयी. तुम्ही त्यांना भोळसट म्हटलं आहे. मला तिथे घाबरलेला बाप दिसतो. पोराच्या प्लेटलेट उतरताहेत, गाडी गॅरेजला, आणि कोणीतरी सांगतंय की एक दार उघडं आहे. माणूस जातो त्या दाराने. आणि खरं सांगा, त्यांनी विचारून पाटल्या नेल्या असत्या तर हे पत्र असंच लिहिलं असतंत का? मला वाटतं निम्मं दुखणं दशमांशाचं आहे आणि निम्मं न विचारल्याचं. दोन्ही खरी आहेत, पण एकाच भांडणात मिसळू नका. मलाखी 3:5 जेवताना त्यांच्या तोंडावर फेकू नका. त्याच संदेष्ट्याने दुसऱ्या अध्यायात सांगितलं आहे की तुझ्या आणि तुझ्या तारुण्यातल्या बायकोच्या मध्ये परमेश्वर साक्षी आहे. न विचारल्याचं बोलायचं असेल तर तिथून बोला, आणि ते आधी बोला. दशमांश मागाहून.

मग टेम्पोला खाडा असेल त्या दिवशी वही घेऊन बसा. तुमचे 16,000 आणि त्यांचे हाती येणारे दहा-बारा हजार, एवढंच उत्पन्न धरा. डिझेल आणि हप्त्याचा पैसा तुमच्या हातून नुसता पुढे जातो. त्यावर दशमांश मोजायला लावणाऱ्याला टेम्पोचा धंदा कळत नाही. आधी औषध, किराणा, शाळा, भाडं आणि सोनेतारणाचं व्याज लिहा. तारणाची पावती कुठे आहे ते बघा, मुदत कधी संपते ते शाखेत जाऊन विचारा. व्याज दर महिन्याला भरता येतं का आणि मुद्दल थोडंथोडं फेडता येतं का, हेही विचारा. बऱ्याच ठिकाणी येतं. मुदत उलटली आणि नोटिसांकडे दुर्लक्ष झालं तर सोनं लिलावात जातं, तेव्हा नोटीस आली तर ड्रॉवरमध्ये टाकू नका. त्यानंतर जो आकडा दोघांनाही मान्य होईल तो अर्पणाला ठेवा. पाचशे निघाले तर पाचशे. पाटल्या सुटेपर्यंत तेवढंच, आणि तोवर वाढवायचं नाही, असं दोघांनी आधीच ठरवून टाका, म्हणजे दर रविवारी नव्याने कुस्ती नको.

संगतीत जाऊन दोन गोष्टी विचारा. दोघांनी, सभा संपल्यावर, आवाज न चढवता. एक, अर्पणाची पावती मिळेल का आणि ही संगती कोणत्या नोंदणीकृत ट्रस्टखाली चालते? महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 खाली नोंदलेल्या ट्रस्टला हिशेब ठेवावे लागतात, तपासून घ्यावे लागतात. तेव्हा हा प्रश्न उर्मटपणाचा नाही. दोन, पैसे कोण मोजतं? पौल जमवलेली वर्गणी घेऊन निघाला तेव्हा मंडळ्यांनी निवडलेली माणसं बरोबर घेऊन गेला, एवढ्या मोठ्या रकमेबद्दल कोणी दोष लावू नये म्हणून. पौलाला जे कमीपणाचं वाटलं नाही ते कोणालाच वाटू नये. जमल्यास 60,000 कर्ज काढून दिले होते हेही सांगा आणि काही परत मिळेल का, एकदा विचारा. सज्जन पाळक असेल तर ऐकून त्यालाच झोप लागणार नाही. मिळतीलच असं धरून मात्र वही मांडू नका.

संगती सोडायची की नाही, हे त्यांच्या उत्तरावर ठरवा. वही दाखवली, निदान दाखवण्याची तारीख सांगितली, तर राहायला हरकत नाही. तिथल्या प्रार्थनेत तुम्हाला आधार मिळाला असं तुम्हीच लिहिलंय. "देवाच्या अभिषिक्ताला प्रश्न विचारू नका" असं ऐकू आलं, किंवा मुलाच्या पुढच्या तापाची भीती घालण्यात आली, तर तिथे परत जाण्याची गरज नाही. पण एकटीने सोडू नका. मिस्टरांचं मन वळेपर्यंत महिना-दोन महिने लागले तर लागू द्या. मधल्या काळात जुन्या मंडळीतल्या एखाद्या वडीलधाऱ्याला घरी चहाला बोलवा. मिस्टर ज्यांचं ऐकतात असं कोणीतरी तिथे असेलच. त्यांना हे सगळं मिस्टरांच्या समोर सांगा, पाठीमागे नको.